साहेबांचे कागद

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेल्या त्या बाईंना इमारतीत सगळे ऑपरेटरबाई म्हणत. अंगाने काडीसारख्या, आवाज मात्र असा की तिसऱ्या मजल्यावरून त्यांनी नुसतं "कोण?" विचारलं, तरी खाली जिन्यात उभा असलेला माणूस आपलं पूर्ण नाव, कुठून आलो आणि कशासाठी आलो हे सांगून मोकळा व्हायचा. निरोप समारंभात त्यांना ऑफिसकडून एक घड्याळ मिळालं आणि साहेब आपणहून मिळाला.

साहेब म्हणजे कुत्रा. कुठून आला कोणालाच ठाऊक नव्हतं. एके दिवशी सकाळी एक्स्चेंज उघडलं तेव्हा तो मुख्य इंजिनियरच्या गुबगुबीत खुर्चीवर बसलेला सापडला, आणि खुर्ची सोडायला त्याने इतका वेळ लावला की तेव्हापासून त्याचं नाव साहेब पडलं. बाई निवृत्त झाल्या त्या संध्याकाळी तो त्यांच्या मागोमाग घरी आला, घरभर एक चक्कर मारली आणि कोचावर बसला. जागा पसंत पडल्यासारखा.

बाईंचे यजमान जाऊन आठ वर्षं झाली होती. एकुलता एक मुलगा नोकरीसाठी परदेशात गेला, तिथेच लग्न करून स्थिरावला. दर रविवारी त्याचा फोन यायचा आणि दर रविवारी तो म्हणायचा, "आई, आता ये ना कायमची. एकटी किती दिवस राहणार?"

"एकटी कुठे? साहेब आहे की."

हे ऐकलं की मुलगा विषय बदलायचा. साहेबाचं आणि त्याचं पहिल्या भेटीतच फाटलं होतं. तीन वर्षांपूर्वी तो सुट्टीवर आला असताना साहेबाने त्याचा डाव्या पायाचा नवा कोरा बूट टाचेपर्यंत खाल्ला होता. उजव्याला तोंडही लावलं नव्हतं, आणि मुलाला त्याचाच जास्त राग होता.

एका रविवारी मात्र बाई फोनवर म्हणाल्या, "बरं, येते. पण साहेब बरोबर येणार."

"आई, कुत्रा विमानातून आणायचा म्हणजे काय खेळ आहे? त्याला तुझ्यापेक्षा जास्त कागद लागतील."

मुलगा हे टाळण्यासाठी म्हणाला होता. बाईंनी ते पहिली सूचना म्हणून लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक निळी फाइल आणली, तिच्यावर ठसठशीत अक्षरांत 'साहेब' असं लिहिलं आणि फोनपाशी खुर्ची ओढून बसल्या.

ऑफिसात फोन करून माहिती काढणं ही जगाला कटकट वाटते. ऑपरेटरबाईंचा तर तो हातखंडा. पहिल्यांदा फोन उचलणाऱ्या माणसाला कधीच काही माहीत नसतं, हे त्यांना एकतीस वर्षांत कळून चुकलं होतं. म्हणून त्या त्याला कामाचा प्रश्नच विचारायच्या नाहीत. "तुमच्या खोलीत सगळ्यात जुनं कोण आहे? त्यांना द्या," एवढंच म्हणायच्या. अशा चार जुन्या माणसांकडून फिरत फिरत त्या प्राण्यांच्या परवान्याच्या खात्यात जाऊन पोचल्या. तिथल्या बाईंनी पेन सरसावलं.

"कोण जाणार आहे?"

"मी आणि साहेब."

"बरं. साहेबांचं वय?"

"नऊ असेल. दातांवरून डॉक्टर तेवढंच म्हणतात."

पलीकडे पेन अडखळलं. "वजन?"

"एकवीस किलो. परवा बावीस होतं, पण मी बिस्किटं बंद केली."

"बाई," पलीकडचा आवाज हळवा झाला, "त्यांना आधी एखाद्या चांगल्या इस्पितळात का नाही दाखवत?"

गैरसमज दूर व्हायला पाच मिनिटं गेली. पण त्यानंतर परवान्याच्या खिडकीवरच्या त्या बाईंना हे प्रकरण जवळचं वाटू लागलं ते कायमचं.

पहिली ठेच डॉक्टरांकडे लागली. साहेबाला रेबीजची लस दर वर्षी न चुकता टोचलेली होती, तिची नोंदवही बाईंनी जपून ठेवली होती. परदेशी नियम असा होता की कातडीखाली आधी तांदळाएवढी चिप बसवायची, तिचा नंबर नोंदवायचा आणि मगच लस द्यायची. चिपच्या आधी दिलेली लस त्यांच्या लेखी दिलीच नव्हती.

"असं कसं?" बाई डॉक्टरांना म्हणाल्या. "लस तर याच कुत्र्याला दिलीत ना?"

"मला माहीत आहे हो. पण त्यांना कसं कळणार, की हा तोच कुत्रा?"

बाईंनी साहेबाकडे पाहिलं. त्याचा डावा कान सदा ताठ उभा आणि उजवा कायमचा दुमडलेला, कोणीतरी पान दुमडून ठेवल्यासारखा. शेपटीला मधेच एक वळसा. असा दुसरा कुत्रा पृथ्वीच्या पाठीवर असेल तर त्यालाही घेऊन जायची त्यांची तयारी होती. पण नियम म्हणजे नियम. चिप बसवली, लस पुन्हा दिली. मग महिनाभर थांबून रक्त काढलं, ते बर्फात घालून दूरच्या प्रयोगशाळेत पाठवलं. अहवाल उत्तम आला. त्या तारखेपासून आणखी तीन महिने थांबायचं होतं.

मुलाला वाटलं, आता आई कंटाळेल. पण बाई उलट खुलल्या होत्या. सकाळी उठायला कारण होतं, फोन करायला माणसं होती, आणि फाइल जाड होत चालली होती.

मधेच रंगाचं प्रकरण उपटलं. लसीच्या वहीत डॉक्टरांनी साहेबाचा रंग 'तपकिरी' लिहिला होता आणि चिपच्या कागदावर, कोणत्या तंद्रीत कोण जाणे, 'पिवळसर'. खिडकीवरच्या बाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि मान हलवली.

"असं चालणार नाही. तिकडचे लोक म्हणतील, हे दोन कुत्रे आहेत."

"मग उद्या घेऊनच येते," ऑपरेटरबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी साहेब ऑफिसात हजर झाला. ट्यूबलाइटखाली तो तपकिरी दिसला. हिशेब खात्यातल्या एका गृहस्थांना पटेना, म्हणून त्याला व्हरांड्यात नेलं. उन्हात तो स्वच्छ पिवळसर. पुन्हा आत आणलं, पुन्हा तपकिरी. निम्मं ऑफिस टेबलं सोडून जमलं. एकजण म्हणाला, "पोटाचा रंग धरतात की पाठीचा?" दुसऱ्याने शंका काढली, की कुत्रा धुतलेला आहे की न धुतलेला. साहेब या सगळ्यांच्या मधे बसून ज्याच्या त्याच्याकडे आळीपाळीने पाहत होता, आणि खिडकीवरच्या बाईंच्या टेबलाखाली त्यांचा डबा आहे हे त्याने केव्हाच हेरलं होतं. शेवटी वरिष्ठ अधिकाऱ्यांना बोलावलं. त्यांनी चष्मा लावून पाहिलं, काढून पाहिलं आणि स्वतःच्या हाताने लिहिलं: 'तपकिरी, उन्हात पिवळसर.' खाली सही, वर शिक्का. तोवर डबा रिकामा झाला होता, पण खिडकीवरच्या बाई रागावल्या नाहीत. "खाऊ दे. प्रवासाला जायचंय त्याला," म्हणाल्या.

पुढे अर्जात एक रकाना होता: 'कुत्र्याची जात.' कारकुनाने सवयीने 'गावठी' लिहायला पेन टेकवलं आणि ऑपरेटरबाईंनी खिडकीतून हात घालून ते पेन धरलं.

"गावठी म्हणजे काय? जन्मापासून शहरात राहिलाय तो."

"अहो, मग 'मिश्र' लिहू का?"

"मिश्र लिहा. पण कशाकशाचं ते विचारू नका."

खोक्याचं काम खालच्या मजल्यावरच्या सुतारकाकांकडे आलं. बाजारात मिळणारे प्लास्टिकचे पिंजरे साहेबाला एक तर ओटीपोटाशी अडायचे नाहीतर डोक्याला लागायचे. नियमपत्रात लिहिलं होतं: प्राण्याला आत उभं राहता आलं पाहिजे, फिरता आलं पाहिजे, पाय पसरून झोपता आलं पाहिजे, आणि उभं असताना कान छताला लागता कामा नयेत.

सुतारकाकांनी कानामागची पेन्सिल काढली आणि साहेबापाशी गुडघ्यावर बसले. मग वर पाहून विचारलं, "कोणता कान धरू, वहिनी?"

प्रश्न रास्त होता. दुमडलेला कान धरला तर खोका चार बोटं बुटका होणार. ताठ कान धरला तर काम वाढणार, वजनही वाढणार. बाईंनी तडक परवाना खात्याला फोन लावला. खिडकीवरच्या बाईंनी विमान कंपनीला विचारलं, विमान कंपनीने आपल्या मुख्य कचेरीला. दोन दिवसांनी लेखी उत्तर आलं की 'प्राण्याचा जो कान उंच असेल तो'. बाईंनी ते पत्रही फाइलला लावलं.

"म्हणजे मोठ्या ऑफिसातसुद्धा यावर बैठक झाली असणार," सुतारकाका भारावून म्हणाले, आणि त्यांनी तो खोका असा केला की तसा पलंग त्यांनी स्वतःच्या मुलीच्या लग्नातही केला नव्हता. कडा घासून गुळगुळीत, तिन्ही बाजूंना हवेची भोकं, लोखंडी जाळीचं दार, बाहेरून पडणारी भक्कम कडी.

खोका दिवाणखान्याच्या मधोमध आला. साहेबाने त्याला एक प्रदक्षिणा घातली, वास घेतला आणि पुन्हा म्हणून त्या दिशेला फिरकला नाही. आत त्याची चादर ठेवली, तो फरशीवर झोपू लागला. आत उकडलेलं अंडं ठेवलं, त्याने मान लांब करून अंडं तेवढं बाहेर काढलं. मागचे पाय शेवटपर्यंत खोलीतच. सुतारकाकांनी मागून हलकेच ढकलून पाहिलं, तर एकवीस किलोचे एकवीस मण झाले. आठवडा असा गेला. बाईंच्या नाकी नऊ आले.

एके दुपारी त्यांच्या मनात आलं, आपण ज्याला आत जा म्हणतोय तिथे आपण कधी गेलोय का? घरात कोणी नव्हतं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, गुडघे टेकले आणि रांगत आत शिरल्या. अंग लहान, त्यामुळे सहज मावल्या. गुडघे पोटाशी घेऊन बसल्या तर जागा तशी वाईट नव्हती. नव्या लाकडाचा छान वास येत होता. त्यांनी आतून हाक मारली, "बघ साहेब! काही होत नाही बघ!"

साहेब आला. जाळीपाशी उभा राहून त्याने बाईंकडे नीट पाहिलं. शेपूट हलवली. मग आनंदाने पुढचे दोन्ही पाय उचलून दारावर टाकले. दार लागलं आणि कडी पडली.

बाईंनी आतून धक्का दिला. सुतारकाकांचं काम पक्कं होतं. त्यांनी हाका मारल्या, पण खाली करवत चालू होती. तेवढ्यात टेबलावर फोन वाजायला लागला. एकतीस वर्षांत तिसरी घंटा होऊ न दिलेल्या त्या बाईंनी, खोक्यात बसून, चौदा घंटा मोजल्या. थांबून फोन पुन्हा वाजला, पुन्हा थांबला, पुन्हा वाजला.

आई फोन उचलत नाही म्हणून परदेशातून घाबरलेल्या मुलाने शेवटी सुतारकाकांना फोन लावला. काका त्यांच्याकडे ठेवलेली जादा किल्ली घेऊन धावत वर आले. दार उघडून पाहतात तर खोक्यात ऑपरेटरबाई आणि खोक्याला पाठ टेकून बाहेर साहेब, राखण करत बसलेला. काकांच्या हातातला फोन चालूच होता.

"काका, आई कुठे आहे? बरी आहे ना?"

"बरी आहे," सुतारकाका म्हणाले. त्यांना खोटं बोलायची सवय नव्हती. "खोक्यात आहे."

मुलाला समजावण्यात अर्धा तास गेला. कडी उघडून बाईंना बाहेर काढलं, आणि त्या पाय झटकत उभ्या राहतात तोच साहेब मुकाट्याने आत गेला. चादरीवर बाईंच्या अंगाची ऊब राहिली होती. त्यावर गोल फिरून, वेटोळं करून तो झोपला. त्या दिवसापासून खोका त्याचा झाला.

सातव्या महिन्यात सगळे कागद जमले. शेवटच्या तपासणीत खिडकीवरच्या बाईंनी फाइलचं एकेक पान उलटलं आणि म्हणाल्या, "माणसांच्यासुद्धा इतक्या नीट फाइली येत नाहीत हो." आरोग्य दाखल्याची मुदत दहा दिवस. विमानात जागा धरून ठेवली होती. ऑपरेटरबाई त्याच पावली तिकिटाच्या ऑफिसात गेल्या, कारण आता काय, फक्त त्यांचाच परवाना, म्हणजे व्हिसा, काढायचा राहिला होता. मुलाचं पत्र होतंच, आठ दिवसांचं काम.

तिकिटाच्या ऑफिसातल्या मुलीने त्यांचा पासपोर्ट उघडला. तारीख पाहिली. आणखी एकदा पाहिली.

"काकू, याची मुदत चार महिन्यांत संपतेय."

"मग? मी तर आठवड्यात निघाले."

"तिथे उतरताना निदान सहा महिने शिल्लक लागतात. आधी नवा पासपोर्ट, मग परवाना. दोन महिने तरी धरा."

बाई खुर्चीत खाली बसल्या. सात महिने त्यांनी एका कुत्र्याच्या रंगावर, कानावर, रक्तावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलं होतं. स्वतःचा पासपोर्ट कपाटातून काढून उघडून पाहायचं मात्र त्यांना सुचलं नव्हतं. मुलगी पुढे सांगत होती, की साहेबाचं तिकीट पुढे ढकलायचं म्हटलं तर येत्या महिन्यापासून उन्हाळाभर ही कंपनी जनावरं घेतच नाही. म्हणजे पाच महिने. तोवर साहेबाच्या रक्ताच्या अहवालाची मुदत संपणार, की पुन्हा सुई, पुन्हा बर्फ, पुन्हा थांबणं.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. तो म्हणाला, "जाऊ दे आई, सगळं रद्द कर. पुढच्या वर्षी बघू."

बाईंनी खाली पाहिलं. त्यांच्या पायावर साहेबाची हनुवटी होती. सगळं रद्द करणं अगदी सोपं होतं. इथेच राहायचं, कोणी दोषही दिला नसता. खरं सांगायचं तर मनाच्या एका कोपऱ्यात त्यांना ते हवंसंही वाटलं, आणि वाटलं म्हणून त्यांना स्वतःचाच राग आला.

"नाही," त्या म्हणाल्या. "ज्याची लाइन लागली त्याला आधी जोडायचं. साहेब पुढे येईल. मी मागून येते."

"म्हणजे? तो एकटा? माझ्याकडे?" मुलाचा आवाज चढला. "आई, तो मला ओळखतसुद्धा नाही!"

"ओळखतो. बूट खाल्लाय त्याने तुझा."

चौथ्या दिवशी सकाळी मालाच्या गोदामात खोका तराजूवर चढला. तिथल्या माणसाने टेप लावून उंची मोजली, ताठ कानापर्यंत, आणि मान डोलावली. निरोपाचं काहीतरी बोलायचं असं बाईंनी ठरवून ठेवलं होतं. पण दार उघडल्याबरोबर साहेब आपल्या ऑफिसात शिरावं तसा आत गेला, गोल फिरला आणि त्यांच्याकडे पाठ करून झोपला. बाईंना त्याचा एवढा राग आला की रडायचं राहूनच गेलं.

परतताना टॅक्सीत मात्र त्या दर खड्ड्याला म्हणत होत्या, "हळू हो, हळू." चौथ्या खड्ड्यानंतर ड्रायव्हरने आरशातून मागे पाहिलं. "सामान आहे का काही नाजूक?"

"नाही," बाई म्हणाल्या. "तरी हळूच चालवा."

दुसऱ्या दिवशी परदेशातून फोन आला. साहेब सुखरूप पोचला होता, पण खोक्यातून बाहेर यायला तयार नव्हता. सात तास झाले होते.

"त्याला ओढू नको," बाईंनी हुकूम सोडला. "तू आत जा."

"आई, मी सहा फूट आहे!"

"मग डोकं घाल."

सूनबाईंनी पाठवलेला फोटो पुढे सुतारकाकांनी आपल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवला. त्यात एका मोठ्या कंपनीतला माणूस टाय लावून जमिनीवर पालथा पडलेला होता, त्याचं डोकं आणि खांदे खोक्यात होते, आणि जाळीतून एक ताठ कान दिसत होता.

ऑपरेटरबाईंचा पासपोर्ट आणि परवाना व्हायला दोन नाही, पावणेतीन महिने लागले. या काळात रविवारचे फोन बदलले. आधी तक्रारी असायच्या: जिन्यात भुंकतो, गादीवर चढतो, सूनबाईंची चप्पल गेली. मग मुलगा विचारू लागला, की त्याला कानामागे खाजवलं तर तो पाय का हलवतो? एका रविवारी तर फोन आलाच नाही. सोमवारी आला. "अगं, काल आम्ही तळ्यावर गेलो होतो," मुलगा म्हणाला, "त्याला पोहता येतं, तुला माहीत होतं?" बाईंना माहीत नव्हतं. नऊ वर्षांच्या कुत्र्याची ही गोष्ट आपल्याला परदेशातून कळावी, याचं त्यांना जरा वाईट वाटलं, आणि त्या रात्रीच त्यांनी बॅग भरायला काढली.

विमानातून उतरून, रांगेत उभं राहून, शिक्का मारून घेऊन त्या बाहेर आल्या तेव्हा मुलगा धावत आला, वाकून त्याने त्यांना मिठी मारली. तो जाड झाला होता. चेहऱ्यावर ऊन लागलं होतं. ढकलगाडी घेऊन तो त्यांना मोटारीकडे घेऊन चालला. मोटारीत पुढच्या काचेला नाक लावून साहेब बसला होता. बाईंना पाहताच त्याने सगळी मोटार हलवून टाकली. दार उघडलं तसा तो त्यांच्या अंगावर कोसळला, तोंड चाटलं, चष्मा खाली पाडला, कण्हला, ओरडला, आणि बाईही काय काय बोलल्या ते त्यांनाही आठवत नाही.

मग तो उडी मारून पुन्हा आपल्या जागेवर जाऊन बसला.

बाई चष्मा पुसत पुढच्या दारापाशी उभ्या राहिल्या. मुलगा बॅगा ठेवून आला, जरासा अडखळला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "आई, तू मागे बसतेस का? त्याला खिडकी लागते गं."

ऑपरेटरबाई मागे बसल्या.